दोष सांध्याचा, शिक्षा झाडाला : ड्रेनेज लाईनमध्ये मुळे का शिरतात?

गवंडीकाम, नळकाम आणि ड्रेनेजचे काम करून आपले अनेक बांधव रोजी कमावतात. जुन्या मोहल्ल्यात असो वा नव्या कॉलनीत, त्यांच्याकडे एक तक्रार नेहमी येते. शौचालयाचे पाणी हळू उतरते, चेंबर भरून वाहते, साफ करून घेतले तरी चार-सहा महिन्यांत पुन्हा तेच. चेंबर उघडले की पाईपच्या तोंडाशी केसांच्या गुंतवळासारखी मुळांची जाळी दिसते. घरमालक म्हणतो, "झाड तोडून टाका." कारागीरही मान डोलावतो. झाड जाते, सावली जाते, फळ जाते. आणि काही वर्षांनी शेजारच्या झाडाची मुळे त्याच जागेतून आत येतात.

असे का घडते, हे समजून घेतल्याशिवाय उपाय करता येणार नाही. या लेखात मुळे लाईनमध्ये शिरण्याची कारणे, नवीन काम करताना घ्यावयाची काळजी, जुन्या लाईनची दुरुस्ती आणि या कामातील सचोटीचा व्यवहार यांचा क्रमाने विचार केला आहे. पाईप, ट्रॅप, सिमेंट विकणाऱ्या दुकानदार बांधवांनाही ही माहिती उपयोगी पडेल, कारण गिऱ्हाईक सल्ला आधी त्यांनाच विचारते.

मूळ पाईपमध्ये का शिरते?

मुळाला तीन गोष्टी लागतात : पाणी, हवा आणि खाद्य. सांडपाण्याच्या लाईनमध्ये या तिन्ही गोष्टी असतात, कारण ती लाईन नेहमी पूर्ण भरून वाहत नाही. पाण्याच्या वर हवा खेळती असते. मात्र मुळाला पाईपच्या आत काय आहे हे बाहेरून कळत नाही. पाईप घट्ट असेल तर त्याच्या बाजूने मूळ सरळ निघून जाते. सांधा झिरपत असेल तर त्याच्या भोवतालची माती बारा महिने ओलसर राहते. त्या ओलीत बारीक मुळे भराभर वाढतात आणि वाढता वाढता फटीपर्यंत पोहोचतात. ही फट सुतासारखी बारीक असली तरी पुरते. आत शिरलेल्या मुळाला पाणी व खत आयते मिळते, मग ते आत फांद्या फोडते. त्या जाळीत कागद, कपड्याचे तुकडे व स्वयंपाकघरातील तेलकट थर अडकतो आणि लाईन तुंबते. पुढे मूळ फटीतच जाड होते आणि सॉकेटला तडा देते. फुटलेला पाईप पाहून आपण म्हणतो, मुळाने पाईप फोडला. खरे पाहता आधी सांधा गळत होता, मूळ नंतर आले.

याला एक अपवाद आहे. मोठ्या झाडाच्या बुंध्याजवळून लाईन गेली असेल, तर जाड होत जाणारे आधारमूळ पाईपला खालून उचलते किंवा बाजूला ढकलते आणि चांगला सांधाही उघडतो. फरशी, कोबा व कंपाऊंडची भिंत याच कारणाने उचलली जाते. म्हणून अंतराचा विचारही आवश्यक आहे. तो पुढे केला आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. झाडाची मुळे खोडाइतकीच खोल जातात व फांद्यांच्या घेराएवढीच पसरतात, हा समज चुकीचा आहे. बहुतेक झाडांची बहुतेक मुळे वरच्या दोन-तीन फूट मातीतच असतात, आणि ती फांद्यांच्या घेराच्या पुष्कळ बाहेर पसरतात. आपल्या घरगुती लाईनीही नेमक्या याच खोलीवर असतात.

आपल्याकडील मातीचा प्रश्न

सोलापूर, मराठवाडा व विदर्भाच्या काळ्या जमिनीत हा त्रास अधिक होतो. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आक्रसून तिला मोठमोठ्या भेगा पडतात. या फुगण्या-आक्रसण्याने आखूड पाईपांचे सांधे हलतात व सिमेंटचा सांधा तडकतो. उन्हाळ्यात मोठे झाड मातीतील ओल शोषून घेते, त्यामुळे माती आणखी आक्रसते. त्याच वेळी सगळीकडे कोरडे असताना गळक्या सांध्याजवळच तेवढी ओल असते. मुळे तिकडे वाढली नाहीत तरच नवल!

कोकणात जांभा दगड सच्छिद्र असतो. त्याच्या भेगांतून पाणी झिरपते आणि मुळेही जातात. तेथे शोषखड्डा व विहीर जवळजवळ असतात, म्हणून लाईनची गळती हा केवळ तुंबण्याचा प्रश्न राहत नाही. तो पिण्याच्या पाण्याचा प्रश्न होतो. मुळे दिसली म्हणजे सांडपाणी जमिनीत जात आहे, असाच त्याचा अर्थ घ्यावा.

कोणते झाड कोठे लावावे?

झाड लावणे हे इस्लामने पुण्याचे काम मानले आहे. मुसलमानाने लावलेल्या झाडापासून माणूस, पक्षी वा जनावर जे काही खाईल ते त्याच्यासाठी सदका ठरते, अशा आशयाची हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तेव्हा झाडाला घराचा शत्रू समजण्याऐवजी त्याला योग्य जागा देणे हे शहाणपणाचे होय. ढोबळ मानाने पुढील अंतरे पाळावीत :

१. वड, पिंपळ, उंबर, पायर, रबराचे झाड व शोभेचे फायकस ही एकाच कुळातील झाडे आहेत. यांची मुळे आक्रमक असतात. घर, टाकी व ड्रेनेज लाईन यांपासून ही झाडे निदान ३० फूट दूर असावीत. छोट्या अंगणात लावूच नयेत. गुलमोहर व पर्जन्यवृक्ष यांची मुळे उथळ व पसरट असतात. त्यांनाही हेच अंतर ठेवावे.

२. कडुनिंब, आंबा, जांभूळ, चिंच यांसारख्या मोठ्या होणाऱ्या झाडांना १५ ते २० फूट अंतर द्यावे.

३. लिंबू, डाळिंब, सीताफळ, पेरू, कढीपत्ता, पारिजातक, मेहंदी, जास्वंद, मोगरा ही लहान अंगणासाठी चांगली. तरीही लाईनच्या अगदी वर लावू नयेत. पाच-सहा फूट बाजूला घ्यावीत.

४. नारळाची मुळे दोरीसारखी असतात व ती वर्षानुवर्षे जाड होत जात नाहीत. म्हणून नारळ सहसा कोबा उचलत नाही. पण सांधा गळका असेल तर त्याची मुळेही आत शिरतात.

५. कोनोकार्पस हे झटपट वाढणारे हिरवेगार झाड आखाती देशांत रस्त्याकडेला व कुंपणाला फार लावले गेले. आखातात नोकरी करून आलेल्या बांधवांना ते परिचित आहे. कुवेतसारख्या देशांत त्याच्या मुळांचा पाण्याच्या व सांडपाण्याच्या लाईनींना त्रास झाल्याचा अनुभव आहे. आपल्याकडे गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. झटपट हिरवळीच्या मोहाने ते अंगणात आणू नये.

पक्ष्यांच्या विष्ठेतून भिंतीच्या, गच्चीच्या व चेंबरच्या फटीत उगवलेले पिंपळाचे रोप बोटाएवढे असतानाच मुळासकट उपटावे व फट सिमेंटने बुजवावी. वरून नुसते छाटले तर ते पुन्हा फुटते आणि दरवेळी मूळ आत जाड होत जाते. मशिदीचे मिनार व कब्रस्तानच्या भिंती यांची दर पावसाळ्यानंतर एकदा पाहणी करण्याची पद्धत ठेवावी.

मशिदीच्या वुजूखान्याचे पाणी हा वेगळा विषय आहे. दिवसातून पाच वेळा तेथे बऱ्यापैकी स्वच्छ पाणी वाहते. ही मोरी शौचालयाच्या लाईनला जोडू नये. उघड्या पन्हाळीतून ते पाणी झाडाच्या आळ्यात सोडावे. मात्र ड्रेनेज लाईन ज्या बाजूला आहे तिच्या विरुद्ध बाजूला सोडावे. मुळे ओलीकडे वाढतात. ओल कोठे द्यायची हे आपल्या हाती आहे.

नवीन लाईन टाकताना

खरे काम येथेच आहे. पुढील मुद्दे मिस्त्री व प्लंबर बांधवांनी लक्षपूर्वक वाचावेत.

सांधे कमी करा. मुळाला शिरायला सांधा लागतो, म्हणून जितके सांधे कमी तितका धोका कमी. घरापासून रस्त्याच्या चेंबरपर्यंत ३० फूट लाईन आहे असे धरा. स्टोनवेअर म्हणजे चिनी मातीच्या पाईपचा एक तुकडा साधारण २ फुटांचा असतो. म्हणजे १५ तुकडे, त्यांच्यामधले १४ सांधे आणि दोन्ही चेंबरचे मिळून १६ जागा झाल्या. पीव्हीसी पाईप २० फुटांचा मिळतो. म्हणजे दीड पाईप, मधला एक सांधा आणि चेंबरचे दोन, अशा एकूण तीनच जागा. गिऱ्हाइकाला हा हिशेब सांगितला तर पाईपच्या किमतीवरून होणारी घासाघीस निम्मी कमी होते. झाडांजवळून जाणाऱ्या भागात तरी पीव्हीसीच वापरावा. जमिनीखालच्या ड्रेनेजसाठीचा पाईप आयएस १५३२८ या मानकाचा घ्यावा. हा क्रमांक पाईपवर छापलेला असतो. भिंतीवर बाहेरून बसवायचा पातळ पाईप स्वस्त पडतो म्हणून जमिनीत पुरणे ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे.

सांधा नीट करा. रबर रिंगच्या सांध्यात पाईपची कड कानसीने तिरपी करावी, खोबणीतील माती पुसावी, रिंग पिळवटलेली नाही हे पाहावे आणि साबणाचे पाणी लावून पाईप सरळ आत ढकलावा. तेल किंवा ग्रीस लावू नये, त्याने रबर खराब होते. चिकटवायच्या सांध्यात दोन्ही बाजू कोरड्या व स्वच्छ करून, पॉलिश पेपरने थोड्या खरबरीत करून दोन्हींना सोल्युशन लावावे आणि पाव फिरकी देऊन काही वेळ धरून ठेवावे. स्टोनवेअर पाईपच असेल तर डांबरात बुडवलेली सुतळी सॉकेटमध्ये ठासून, वर एकास एक प्रमाणाचा घट्ट सिमेंट माल दाबून भरावा व बाहेर तिरपी गोलाई द्यावी. आत सांडलेला माल ओल्या फडक्याने ओढून काढावा. वाळलेली ती कड पुढे कचरा अडवते. सांध्यावर ओले गोणपाट टाकून सात दिवस पाणी मारावे.

चेंबरचा सांधा विसरू नका. सर्वाधिक मुळे चेंबरच्या भिंतीतून व पाईप जेथे भिंतीत शिरतो तेथून येतात. विटांच्या चेंबरला आतून गिलावा होतो, बाहेरून कोणी करत नाही. चर बुजवण्यापूर्वी बाहेरूनही गिलावा करावा. पीव्हीसी गुळगुळीत असल्याने सिमेंट त्याला धरत नाही आणि भोवती बारीक फट राहते. यासाठी भिंतीत जाणाऱ्या भागाला सोल्युशन लावून त्यावर जाड वाळू चिकटवावी, वाळू दिली आणि मगच पाईप भिंतीत बसवावा. पाच मिनिटांचे हे काम पुष्कळ त्रास वाचवते.

ढाळ राखा. ४ इंची पाईपला ४० फुटांत १ फूट, म्हणजे दर १० फुटांना ३ इंच. ६ इंची पाईपला ६० फुटांत १ फूट, म्हणजे दर १० फुटांना २ इंच ढाळ द्यावा. डोळ्याच्या अंदाजाने ढाळ देऊ नये; लेव्हल ट्यूब व दोरी वापरावी. ढाळ कमी असेल तर पाणी साचते आणि साचलेले पाणी सांध्यातून वाट शोधते.

खाली बैठक द्या. काळ्या जमिनीत पाईप थेट मातीवर ठेवू नये. तळाला चार इंच वाळू किंवा बारीक मुरूम पसरावा, पाईपच्या दोन्ही बाजूंनी तोच भरावा. चर बुजवताना दर सहा इंचांचा थर धुमसाने ठोकावा. सैल भरलेला चर म्हणजे मुळांसाठी तयार केलेला रस्ताच होय.

तपासून मगच बुजवा. खालच्या टोकाला बूच मारून लाईन वरच्या चेंबरपर्यंत पाण्याने भरावी. काही तास पाणी मुरू द्यावे, पुन्हा भरावे व खूण करून अर्धा तास पाहावे. पाणी उतरले तर सांधे एकेक करून कोरड्या फडक्याने पुसत गळती शोधावी. याशिवाय पाईपच्या आतील व्यासापेक्षा अर्धा इंच लहान गुळगुळीत चेंडू वरून सोडावा. तो आपोआप खाली आला तर लाईन सरळ व मोकळी आहे. एका टोकाला बॅटरी व दुसऱ्या टोकाला आरसा धरूनही लाईन सरळ आहे का ते दिसते.

मुळांसाठी आडभिंत

झाड आधीच मोठे आहे आणि लाईन दुसरीकडून नेता येत नाही, अशा वेळी दोहोंच्या मध्ये आडभिंत घालावी. लाईनला समांतर, झाडाच्या बाजूला, अडीच ते तीन फूट खोल चर काढून त्यात जाड एचडीपीई शीट उभे करावे किंवा चार इंच जाडीची काँक्रीटची भिंत ओतावी. शीटचे जोड एकमेकांवर एक-दीड फूट चढवून घट्ट करावेत. वरची कड जमिनीच्या वर एक इंच दिसली पाहिजे. ती मातीखाली गेली तर मूळ वरून उडी मारते. लांबी लाईनच्या धोक्याच्या भागापेक्षा दोन्ही बाजूंना सहा-सात फूट जास्त ठेवावी.

झाडाला चारी बाजूंनी कोंडू नये. बुंध्याजवळ जाड मुळे तोडणे हे घरमालकाच्या जिवावर बेतू शकते. खोडाच्या जाडीच्या पाचपट अंतराच्या आत चर काढू नये. म्हणजे खोड दोन फूट जाड असेल तर निदान दहा फूट सोडावे. एका बाजूची आधारमुळे तोडलेले झाड उन्हाळ्यात हिरवे दिसते आणि पावसाळ्यात वाऱ्याने घरावर येते. लाईनच तशा जागेतून न्यायची असेल तर हाताने खोदून, जाड मुळे न तोडता त्यांच्या खालून पाईप सरकवावा.

जुनी लाईन तुंबली तर

प्रथम निदान करावे. पाणी सोडल्यावर नहाणीच्या जाळीतून गुडगुड आवाज येतो का, तुंबणे उन्हाळ्यात वाढते का, अंगणात एखादा पट्टा कोरड्या दिवसांतही हिरवा राहतो का, हे विचारावे व पाहावे. कामट्या किंवा स्प्रिंग घालताना ती जेथे अडते तेथे खूण करून लांबी मोजावी व ती वहीत लिहावी. दुसऱ्या वेळी त्याच मापावर अडली, तर दोष त्या एका सांध्यात आहे हे निश्चित समजावे. शहरांत आता पाईपमध्ये घालायचे छोटे कॅमेरेही भाड्याने मिळतात. चार-पाच कारागिरांनी मिळून एक घेतला तरी परवडतो.

मुळे कापून काढणे किंवा जेटिंग मशीनने धुणे हा तात्पुरता उपाय आहे. कापलेले मूळ छाटलेल्या मेंदीप्रमाणे अधिक फुटते. म्हणून साफसफाईनंतर दोषाच्या जागी खोदून तेवढा भाग पीव्हीसीने बदलावा व दोन्ही टोकांचे जोड तपासावेत. सगळी लाईन बदलण्याची गरज नेहमी नसते. एकाच सांध्यासाठी घरमालकाला तीस फूट खोदायला लावणे जसे चूक, तसेच सर्व सांधे गेलेले असताना एकावर मलमपट्टी करणेही चूक.

या गोष्टी करू नयेत

ऍसिड ओतू नये. ऍसिड सिमेंटचा सांधा खाते, म्हणजे मुळांसाठी दार आणखी मोठे करते. त्यातून निघणारा वायू घातक असतो. ऍसिड व ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास क्लोरीन वायू निघतो. बंद शौचालयात तो जीवघेणा ठरू शकतो.

मोरचूद सरसकट टाकू नये. वाहत्या लाईनमध्ये तो बराचसा वाहून जातो. सेप्टिक टँकमध्ये मैला कुजवणारे जंतू त्याने मरतात, शिवाय तो मासे व पाण्यातील इतर जीवांना विषारी आहे. जवळ विहीर असेल तेथे त्याचे नावही काढू नये.

चेंबर किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवू नये. ही सर्वांत महत्त्वाची सूचना आहे. आत प्राणवायू कमी असतो व हायड्रोजन सल्फाईडसारखा विषारी वायू साचलेला असतो. जास्त प्रमाणात त्याचा वासही कळेनासा होतो. एक जण बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो व दोघेही जातात, असे वारंवार घडले आहे. २०१३ च्या कायद्याने गटार व सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावण्यास मनाई केली आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. गटारातील मृत्यूसाठी भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख व ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख रुपये ठरवून दिली. पण पैशाने कोणाचा बाप वा मुलगा परत येत नाही. मुळे काढण्याचे काम वरून, यंत्राने करावे. ते शक्य नसेल तर ते काम घेऊ नये. रोजी अल्लाह देणारा आहे.

शेजारी, कायदा आणि शरीअत

मुळे कुंपण ओळखत नाहीत, म्हणून हा विषय शेजाऱ्यांच्या भांडणापर्यंत जातो. नुकसान करू नये व नुकसानीच्या बदल्यात नुकसानही करू नये, हे प्रेषित (स.) यांच्या शिकवणीतून आलेले तत्त्व सर्वच फिकही मतप्रवाहांना मान्य आहे. उस्मानी सल्तनतीत १८६९ ते १८७६ या काळात हनफी फिकहच्या आधारे 'मजल्ला' ही दिवाणी संहिता तयार झाली. शेजाऱ्याच्या घरावर वा बागेवर आलेल्या फांद्या मालकाने बांधून घ्याव्यात किंवा कापाव्यात, असा हक्क तिने शेजाऱ्याला दिला. पण केवळ सावली पडते म्हणून झाड तोडता येणार नाही, असेही सांगितले. एक नुकसान दूर करताना तसेच दुसरे नुकसान करू नये, हा नियमही तिच्यात आहे. ही संहिता आपल्या देशाचा कायदा नाही. परंतु तिच्यातील समतोल मोहल्ल्यातील समेटाला आजही उपयोगी आहे. माझा सांधा गळका असेल तर दुरुस्ती माझी. तुमचे झाड माझ्या भिंतीला लागून असेल तर आडभिंतीच्या खर्चात वाटा तुमचा. असे बसून बोलल्यास कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

देशाच्या कायद्याचे पालनही आवश्यक आहे. महाराष्ट्राच्या नागरी भागात वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, मग ते आपल्या अंगणातील का असेना. तोडणे या शब्दात जाळणे व इजा करणेही येते, म्हणजे बुंध्यात ऍसिड ओतून झाड मारणे हाही गुन्हाच. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे व त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा देऊन जास्त संरक्षण दिले आहे. ग्रामीण भागासाठी १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा आहे. कारागिराने गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून परवानगीवाचून कुऱ्हाड उचलू नये.

धंद्याचा व्यवहार कसा ठेवावा?

या कामात एक मोठा मोह आहे. गळका सांधा तसाच ठेवून दर सहा महिन्यांनी लाईन साफ करून दिली तर गिऱ्हाईक कायमचे बांधले जाते. काही जण याला धंद्याची युक्ती म्हणतात. परंतु दोष माहीत असून तो न सांगता माल विकणे मुसलमानाला जायज नाही, अशी स्पष्ट शिकवण हदीसमध्ये आहे. आणि कारागिराचे काम हाही त्याचा मालच होय. कपडा उलटसुलट करून पाहता येतो, फळ हातात घेऊन पाहता येते. पण मातीखालचा सांधा बुजवल्यावर गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही. तो केवळ आपल्या शब्दावर विश्वास ठेवतो. म्हणून जमिनीखालचे काम ही अमानत आहे.

या दृष्टीने पुढील पद्धत ठेवावी :

१. तपासणीची फी वेगळी घ्यावी व ती आधी सांगावी. मग दोष दाखवून खरा सल्ला देण्यात आपले नुकसान होत नाही.

२. अंदाजपत्रकात बाबी वेगवेगळ्या लिहाव्यात : खोदाई, पाईप (प्रकार, जाडी व मानक), सांधे, चेंबरचा आतला व बाहेरचा गिलावा, आडभिंत, पाणी भरून चाचणी, बुजवणी. ठोक रकमेत चाचणी व बाहेरचा गिलावा हमखास गाळला जातो.

३. पाणी भरून केलेली चाचणी गिऱ्हाइकाला समोर उभे करून दाखवावी व चर बुजवण्यापूर्वी मोबाईलवर फोटो काढून त्याला द्यावेत.

४. लाईनचा साधा नकाशा काढावा. भिंतीपासून किती फूट, किती खोल, सांधे कोठे, चेंबर कोठे हे कागदावर लिहून एक प्रत घरमालकाला द्यावी, एक आपल्या वहीत ठेवावी. पुढे झाड कोठे लावावे हे त्यावरून ठरते.

५. हमी लेखी द्यावी : कोणत्या सांध्यांची, किती वर्षांची आणि काय हमीत नाही. रक्कम बाकी असेल तर तीही मुदतीसह लिहावी. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद पवित्र कुरआनात सूरह बकरामध्ये आहे. आपल्यातील अनेक भांडणे ही ताकीद न पाळल्यानेच होतात.

६. दुकानदार बांधवांनी हलका पाईप मागणाऱ्या गिऱ्हाइकाला तो जमिनीखाली चालणार नाही हे सांगावे. एक विक्री जाईल, पण नाव राहील.

असे काम करणाऱ्याकडे तेच गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येणार नाही, हे खरे. मात्र ते आपल्या भावाला, शेजाऱ्याला व ओळखीच्याला पाठवते. खोट्या सांध्यावर टिकवलेला धंदा एका गिऱ्हाइकापुरता असतो. खऱ्या सांध्यावरचा धंदा मोहल्लाभर पसरतो.

सारांश

सांधे कमी व घट्ट ठेवा, चेंबर बाहेरूनही लिंपा, चाचणीशिवाय चर बुजवू नका, झाडाला योग्य अंतर द्या आणि कोणाचाही जीव टाकीत उतरवू नका. पावसाळ्यानंतर जमीन मऊ असते. आपल्या घराची, दुकानाची व मोहल्ल्याच्या मशिदीची लाईन त्या दिवसांत एकदा उघडून पाहावी. चेंबरमध्ये मुळे दिसली तर कुऱ्हाड शोधण्यापूर्वी सांधा शोधावा.